चौपट? पण कशाच्या चौपट?

रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचा विषय निघाला की मिठबावात एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘‘जमीन गेली तर जाऊं दे, सरकार चौपट देतला!’’ मुंबईतले चाकरमानी फोनवरून तेच आणखी ठामपणे सांगतात. मग एजंटने सांगितलेला गुंठ्याचा भाव चारने गुणला जातो आणि त्या पैशांचे बेतही ठरतात. हे ऐकून कान किटले आहेत, म्हणून एकदा हिशेबच मांडतो.

2013 च्या भूसंपादन कायद्यात सरसकट ‘चौपट’ कुठेही दिलेली नाही. तिथे एक रीत आहे आणि तिची सुरुवात बाजारमूल्यापासून होते. कलम 26 नुसार रेडीरेकनरचा दर बघायचा. मग परिसरातल्या तशाच जमिनींची मागच्या तीन वर्षांतली नोंदणीकृत खरेदीखतं काढायची आणि त्यातल्या जास्त किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी घ्यायची. दोहोंत जो आकडा मोठा, तो धरायचा. समुद्राकाठच्या जागेचा तोंडी भाव यात कुठेच येत नाही. मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखतात कमी किंमत दाखवायची आणि भूसंपादनाच्या वेळी ‘सरकार लुबाडतंय’ म्हणायचं, हे दोन्ही एकदम चालत नाही.

या मूल्याला ग्रामीण भागात 1 ते 2 मधला गुणक लागतो आणि तो राज्य सरकार ठरवतं. गुणक 2 असेल तरच चौपटीची गोष्ट. महाराष्ट्राने तर 2021 मध्ये महामार्गांसाठीचा गुणक 2 वरून 1 वर आणला होता. त्यामुळे आपल्या प्रकरणात कोणता गुणक लागू आहे, हे भूसंपादन अधिकाऱ्याला लेखी विचारा.

गुणकानंतर झाडं, विहीर, घर, गडगा यांची किंमत मिळवायची आणि जी बेरीज येईल तेवढीच रक्कम दिलासा म्हणून पुन्हा द्यायची. समजा, जमीन 10 लाखांची आणि कलमं 3 लाखांची. गुणक 2 असेल तर 20 अधिक 3 म्हणजे 23, आणि दिलाशासह 46 लाख. गुणक 1 असेल तर 13 चे 26 लाख. शिवाय अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताब्यापर्यंत, जे आधी होईल तोवर, बाजारमूल्यावर वर्षाला 12 टक्के. म्हणजे तीच जमीन, तीच कलमं, आणि फरक 20 लाखांचा. तरी चर्चा चौपटीचीच!

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

‘चेक घेतला नाही तर जमीन जात नाही.’ जाते. रक्कम भूसंपादन प्राधिकरणाकडे जमा होते आणि ताब्याची प्रक्रिया पुढे सरकते.

‘चेक घेतला की तक्रार संपली.’ रक्कम अपुरी असल्याचा निषेध लेखी नोंदवून घेतली, तर संपत नाही (कलम 77). मात्र वाढीव मोबदल्याच्या अर्जाला मुदत असते. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवडे. कणकवली-कुडाळच्या राष्ट्रीय महामार्गाला वेगळा कायदा लागतो. तिथे दाद लवादाकडे मागायची.

‘80 टक्के लोकांनी नकार दिला की प्रकल्प रद्द.’ 80 टक्के संमतीची अट खासगी कंपनीसाठीच्या संपादनाला आहे, सरकारी-खासगी भागीदारीला 70 टक्क्यांची. सरकारच्या स्वतःच्या रस्त्याला ती नाही.

‘सातबारावर पहिलं नाव ज्याचं, पैसे त्याचे.’ पैसे सगळ्या हिस्सेदारांचे. वाटणीचा वाद असेल तर तो प्राधिकरणापुढे जातो.

‘निम्मे पैसे करात जातात.’ या कायद्याखालच्या निवाड्याच्या रकमेवर आयकर नाही (कलम 96). प्रत्यक्ष कर मंडळाच्या 2016 च्या 36 क्रमांकाच्या परिपत्रकातही हे स्पष्ट केलं आहे.

‘रस्ता जुनाच आहे, आता कसला मोबदला?’ हिमाचलात 1967-68 च्या सुमारास रस्त्यासाठी मोबदल्याविना घेतलेल्या जमिनीचे पैसे द्यायला सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विद्या देवी खटल्यात राज्याला भाग पाडलं.

तेव्हा चौपटीचं गणित बाजूला ठेवा. वारसनोंदी आत्ताच पूर्ण करा, परिसरातली खरेदीखतं काढून ठेवा आणि संयुक्त मोजणीच्या दिवशी मुंबईहून येऊन बागेत उभे राहा. पंचनाम्यात न आलेल्या कलमाचे पैसे मिळवायला पुढे वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतात.