कान ऐकतात, डोळे वाचतात!

भाषेचा तास चालू आहे. बाई म्हणतात, "ऊठ, पुढचा उतारा मोठ्यानं वाच." उभं राहिलं की घसा कोरडा पडतो, ओळी एकमेकींत मिसळतात आणि मागच्या बाकावर खसखस पिकते. झालंय ना असं कधी? मग आपणच ठरवून टाकतो, 'आपल्याला वाचन जमत नाही बुवा! आपण ऐकून शिकणारे.'

थांबा! एवढ्यात हार मानू नका. आधी ही गोष्ट ऐका.

१९९६ साली ब्रिज कोठारी अमेरिकेत शिकत होते. ते मित्रांबरोबर एक स्पॅनिश चित्रपट बघत होते. पडद्यावर खाली इंग्रजी सबटायटल होती. त्यांच्या मनात आलं, हीच अक्षरं स्पॅनिशमध्ये असती तर कानावर पडणारे शब्द किती सहज ओळखता आले असते! मग हिंदी गाण्यांखाली हिंदीतच शब्द दाखवले तर?

पुढे ते अहमदाबादच्या आयआयएममध्ये आले. १९९९ साली अहमदाबाद दूरदर्शनवर गुजराती चित्रपटगीतांखाली गुजराती अक्षरं झळकू लागली. २००२ मध्ये 'चित्रहार'ची पाळी आली. गायक जो शब्द गाई, तोच पडद्यावर रंग बदले. गाणं तर लोकांना पाठच असायचं. त्यामुळे पुढचा शब्द कोणता, हे आधीच ठाऊक! गाणं गुणगुणता गुणगुणता वाचनाचा सराव होऊ लागला, तोही घरबसल्या.

यातली गंमत लक्षात आली का? इथे कान आणि डोळे हातात हात घालून काम करतात. 'हा बघून शिकणारा, ती ऐकून शिकणारी' असे शिक्के आपण मारतो. आवडी वेगळ्या असतात, हे खरंच. पण २००८ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं, तेव्हा ज्याला-त्याला फक्त त्याच्या पद्धतीनं शिकवल्यानं जास्त येतं, याला पुरेसा पुरावा सापडला नाही. म्हणून स्वतःवर शिक्का मारू नका!

चला तर, घरी एक प्रयोग करू या.

१. आवडतं मराठी गाणं मराठी शब्दांसह लावा. शब्दांवर नजर ठेवून गा. इंग्रजीसाठी इंग्रजी गाणं घ्या.

२. आईबाबांच्या फोनवर धड्याचा एक परिच्छेद वाचून रेकॉर्ड करा. पुस्तक समोर धरून ऐका. जिथे अडखळलात, तिथे पेन्सिलीनं खूण करा आणि पुन्हा वाचा.

३. आता पुस्तक मिटा. आठवेल तेवढं वहीत लिहून मग ताडून पाहा.

आठवडाभर रोज दहा मिनिटं एवढं करा. पहिलं आणि शेवटचं रेकॉर्डिंग लागोपाठ ऐका. फरक तुमचा तुम्हालाच कळेल.

आणि आईबाबा, एक विनंती. मूल वाचताना अडलं, तर लगेच शब्द सांगू नका, रागावू तर मुळीच नका. क्षणभर थांबा. फोन आवाज टिपून ठेवील, पण शाबासकी मात्र तुम्हालाच द्यावी लागेल!