आरएक्स विकायची, तर कागद आधी

कोल्हापूरकरांचा गाडीचा नाद सर्वांना ठाऊक आहे. परदेशी स्पोर्ट्स मोटार कष्टकऱ्याच्या दारात येत नाही. आपल्या गल्लीतली जपानी स्पोर्ट्स गाडी म्हणजे यामाहा आरएक्स 100. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने 1985 मध्ये ती भारतात आणली. 1996 मध्ये तिचे उत्पादन थांबले. 98 सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, सुमारे 11 अश्वशक्ती आणि अंगाने हलकी, त्यामुळे ती पटकन उचल घेते. ज्या शहरात उद्यमनगरसारखी वसाहत आहे, तिथे पोर्ट घासून घ्यायला, सायलेन्सर नि कार्बोरेटर बदलून घ्यायला मिस्त्री शोधावा लागत नाही.

आज हौशी माणसे या गाडीला चांगला भाव देतात. म्हणून काही घरांत विचार सुरू होतो : गाडी विकावी आणि पिठाची गिरणी, शिलाई मशीन किंवा जुना लेथ घ्यावा. आम्हाला हा विचार मोलाचा वाटतो. पगार खाणारे यंत्र देऊन पगार मिळवणारे यंत्र घेणे, यात कमीपणा कसला? पण व्यवहार कच्चा राहिला, तर गिरणीही जाईल.

कारण ऐका. एक गाडी हातोहात विकली गेली, पण कागदावर पहिल्याच मालकाचे नाव राहिले. 2009 मध्ये तिने अपघात केला, त्यात एकाचा जीव गेला. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये निकाल दिला : नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याची. किल्ली दिली, पैसे घेतले, एवढ्याने मालकी सुटत नाही.

दुसरी गोष्ट फेरफारांची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक फेरफाराला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. म्हणून काढून ठेवलेले मूळ सायलेन्सर, चाके, हँडल पोत्यातून बाहेर काढा आणि विक्रीआधी बसवून घ्या. अस्सल गाडीची किंमतही टिकते.

आता कामाचा क्रम. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आरएक्स कितीही नवी म्हटली तरी 1996 ची. तेव्हा आधी ही मुदत पाहा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा दाखला घेऊन फॉर्म 35 भरा. विक्रीसाठी फॉर्म 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या घ्या. कोरे फॉर्म सही करून कुणाच्या हाती देऊ नका. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत, घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विम्यावरचे नावही बदलायला लावा. पैसे बँकेतून घ्या आणि नव्या मालकाच्या नावाचे आरसी बुक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असे समजू नका.

शेवटी घरातली गोष्ट. गाडी बहुधा पुरुषाच्या नावावर असते. पण तिच्या पेट्रोलसाठी घरच्या बाईने किती महिने काटकसर केली, हे तिलाच माहीत. गिरणी ती चालवणार असेल, तर गिरणीची पावती आणि वीजजोडणीही तिच्याच नावावर घ्या. नाद घरातल्या एकाचा होता. कमाई साऱ्या घराची होऊ द्या.