बाजाराची बाराखडी (लेखांक ९) : भाव कोणाला ठाऊक?

सुदुंबऱ्याचा शेतकरी कांदा घेऊन चाकणच्या बाजारात उतरतो, तेव्हा सकाळपासून आवक किती झाली, मुंबईची मागणी काय, कोणत्या व्यापाऱ्याला आज माल हवाच आहे, हे सगळे आडत्याला ठाऊक असते. शेतकऱ्याला ठाऊक असतो फक्त आपला कांदा. आता मोबाइलवर भाव येतो म्हणा. पण तो बहुधा कालचा, आणि कुठल्या प्रतीच्या मालाचा हे कळत नाही ते नाहीच.

माहितीतली ही तफावत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी बाजारात जाऊन तपासली. जन्म नाशिकचा, १९०१ चा. शिक्षण केंब्रिजला, तिथला भारतीय उद्योगांवरचा प्रबंध १९२४ मध्ये पुस्तकरूपाने निघाला. काही वर्षे सुरतेला प्राचार्य. १९३० मध्ये रावबहादूर काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, तिचे ते पहिले संचालक, थेट १९६६ पर्यंत.

त्या काळी अर्थशास्त्रातला मानाचा विषय म्हणजे रुपयाचा विनिमय दर. गाडगीळांनी घेतली पुण्यातली फळे! फळविक्रीची पाहणी १९३३ मध्ये छापली गेली. १९३५ मध्ये सहा जिल्ह्यांतल्या मोटार वाहतुकीची, १९४० मध्ये वाई तालुक्यातल्या शेतीची. विद्वत्तेची ही पायी चालणारी जात मला तरी फार मोलाची वाटते.

तेव्हा अनेक बाजारांत सौदा रुमालाखाली होई. आडत्या आणि गिऱ्हाईक बोटे दाबून आकडा ठरवीत, मालाचा धनी शेजारी उभा राहून नुसता बघे. नियंत्रित बाजार समित्यांनी उघड लिलाव आणला तो यावरच उपाय म्हणून.

अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये एका निबंधात माहितीतल्या तफावतीची दुसरी बाजू मांडली: खोट विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. त्यांचे मुख्य उदाहरण जुन्या मोटारींचे, पण आपल्याकडच्या तांदळात मुद्दाम मिसळलेले खडेही त्या निबंधात आहेत. १९६७-६८ मध्ये ते दिल्लीत होते. पुण्यात ‘मावळची इंद्रायणी’ म्हणून तांदूळ घेणाऱ्याची अडचण नेमकी हीच: खरी प्रत विकणाऱ्याला ठाऊक, त्याला नाही. अ‍ॅकरलॉफना २००१ मध्ये नोबेल मिळाले.

गाडगीळांना मात्र नुसती माहिती पुरेशी वाटली नसावी, असे त्यांच्या पुढच्या कामावरून दिसते. शेती कर्जावरच्या १९४५ च्या समितीचे ते अध्यक्ष. पुढे विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने निघालेल्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष. कारण उघड आहे. आडत्याकडून उचल घेतलेल्या शेतकऱ्याला शेजारच्या बाजारातला चढा भाव कळला, तरी गाडी तिकडे वळवता येत नाही. ही उचल कशी चालते, ते पुढच्या आठवड्यात पाहू.