मैदान गमावलेला क्लब

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सर्वोच्च लीगमधला आजवरचा सर्वांत मोठा विजय फिट्झरॉयच्या नावावर आहे. २८ जुलै १९७९ रोजी त्यांनी मेलबर्न संघाला तब्बल १९० गुणांनी लोळवलं. त्यानंतर संघ वाढले, पैसा आला, खेळाडू पूर्णवेळ व्यावसायिक झाले, तरी हा विक्रम कुणाला मोडता आलेला नाही. विक्रम करणारा क्लब मात्र १९९६ नंतर त्या लीगमध्येच नाही.

पैसे संपले म्हणून फिट्झरॉय बुडाला, असं सांगितलं जातं. ते खोटं नाही. पण या क्लबचा इतिहास वाचत गेलं की माझं मत पक्कं होत जातं : त्याचं भवितव्य तीस वर्षं आधी, १९६६ मध्ये घरचं मैदान सुटलं तेव्हाच ठरलं.

आधी खेळाविषयी थोडं. ज्या मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, म्हणजे एमसीजीवर, डिसेंबर २०२० मध्ये अजिंक्य रहाणेने ११२ धावांची खेळी केली, तेच हिवाळ्यात या फुटबॉलचं सर्वांत मोठं मैदान असतं. त्याला कारण आहे. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग जड होऊ नये म्हणून फुटबॉल क्लब काढावा, असं पत्र टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये मेलबर्नच्या एका साप्ताहिकाला लिहिलं आणि पुढच्या वर्षी नियम कागदावर आले. म्हणून हा खेळ क्रिकेटच्याच मैदानावर रुजला. चेंडू मात्र लांबट. एका बाजूला अठरा खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला की गोल, म्हणजे ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर १. चेंडू फेकायला मनाई, एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा. आणि समोरच्याच्या पाठीवर गुडघा टेकवून हवेत झेप घेत कुणी झेल पकडला, की स्टेडियम उभं राहतं.

फिट्झरॉय हे मेलबर्नचं पहिलं उपनगर, शहराच्या मध्यवस्तीला अगदी चिकटून. बुटांचे कारखाने, मॅकरॉबर्टसनचा चॉकलेटचा कारखाना, अरुंद गल्ल्या आणि त्यांत राहणारे कामगार. १८८३ मध्ये इथे क्लब निघाला. एडिनबरा गार्डन्स या बागेतलं ब्रन्सविक स्ट्रीटचं मैदान त्याला मिळालं आणि १८८८ मध्ये तिथे लाकडी प्रेक्षागृह उभं राहिलं. ते अजून आहे. सामन्याला लोक घरून चालत येत. आजची सर्वोच्च लीग १८९७ मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीग या नावाने सुरू झाली, तिच्या आठ संस्थापक क्लबांत फिट्झरॉय होता. १९२२ पर्यंत सात विजेतेपदं त्याच्या खात्यात जमा झाली होती.

त्यांपैकी १९१६ चं विजेतेपद वेगळंच. पहिल्या महायुद्धामुळे त्या वर्षी चारच संघ उतरले. साखळीत फिट्झरॉयने बारापैकी दोनच सामने जिंकले आणि तळ गाठला. पण संघच चार असल्यामुळे चौघांनाही बाद फेरीत प्रवेश होता. तिथे त्यांनी कॉलिंगवुडला हरवलं, मग कार्लटनला. साखळीत अव्वल असल्यामुळे कार्लटनला पुन्हा आव्हान देण्याचा हक्क होता. तो त्यांनी बजावला आणि २९ गुणांनी परत हरले. एकाच मोसमात शेवटचा क्रमांकही आणि विजेतेपदही!

१९३० चं दशक तर जास्तच विलक्षण. पंचांच्या मतांवर दिलं जाणारं ब्राउनलो पदक हा लीगमधला सर्वोच्च वैयक्तिक सन्मान. १९३१ ते १९३६ या सहा वर्षांत तो पाच वेळा फिट्झरॉयकडे आला. तीनदा एकट्या हेडन बंटनला. विजेतेपद मात्र एकदाही नाही.

याच काळात डग निकल्स या क्लबमध्ये आले. कमरागंजा या मूळनिवासी वसाहतीत जन्मलेले, योर्टा योर्टा समाजाचे, जेमतेम सव्वापाच फुटांचे आणि वाऱ्यासारखे पळणारे. आधी ते कार्लटनमध्ये नशीब अजमावून आले होते. तिथे त्यांच्या रंगामुळे मालिश करणाऱ्यांनी त्यांच्या अंगाला हात लावायला नकार दिला. मग नॉर्थकोटकडून खेळत त्यांनी नाव कमावलं आणि १९३२ मध्ये फिट्झरॉयची जर्सी घातली. ड्रेसिंग रूममध्ये ते एका कोपऱ्यात एकटेच बसत. बंटन तेव्हा लीगमधला सर्वांत मोठा तारा. तो आपलं सामान उचलून त्यांच्या शेजारी आला आणि तिथेच कपडे बदलू लागला. निकल्स १९३७ पर्यंत तिथे ५४ सामने खेळले. पुढे पाद्री होऊन त्यांनी फिट्झरॉयच्याच गोर स्ट्रीटवर मूळनिवासींसाठी चर्च चालवलं, त्यांच्या हक्कांसाठी आयुष्यभर झगडले, ‘सर’ झाले आणि १९७६ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाचे राज्यपालही. आज लीगच्या वेळापत्रकातली मूळनिवासी खेळाडूंच्या सन्मानाची फेरी त्यांच्या नावाने खेळली जाते. या क्लबने कमावलेल्या सगळ्या चषकांपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

आठवं विजेतेपद १९४४ चं. एमसीजी लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे तो अंतिम सामना सेंट किल्डाच्या जंक्शन ओव्हलवर झाला. तेच शेवटचं. १९६३ मध्ये संघाने अख्ख्या मोसमात एकच सामना जिंकला. हरवलं ते जीलाँगला आणि त्या वर्षीचा विजेता ठरला जीलाँगच. पुढच्या वर्षी तर तेवढाही विजय नशिबी नव्हता.

१९६६ च्या मोसमानंतर लीगचे सामने ब्रन्सविक स्ट्रीटवर पुन्हा झाले नाहीत. मैदान जुनाट, सोयी अपुऱ्या, म्हणून क्लब बाहेर पडला आणि भाडेकरू झाला. आधी कार्लटनच्या प्रिन्सेस पार्कवर, मग जंक्शन ओव्हलवर, मग चक्क कॉलिंगवुडच्या व्हिक्टोरिया पार्कवर, पुन्हा प्रिन्सेस पार्क, शेवटी फुटस्क्रेच्या मैदानावर. १९९१-९२ मध्ये काही ‘घरचे’ सामने समुद्रापलीकडे टास्मानियात, होबार्टला खेळवले. गल्लीतला पोरगा शनिवारी बापाचं बोट धरून ज्या संघाला बघायला जायचा, तो संघ आता त्याच्या गल्लीत नव्हता. जुनी कुटुंबं लांबच्या उपनगरांत गेली, त्यांच्या जागी ग्रीक आणि इटालियन स्थलांतरित आले. या नव्या शेजाऱ्यांना आपलंसं करायला क्लब तिथे हवा होता.

खेळाची हौस मात्र संपली नव्हती. १९७९ चा विक्रम याच भटकंतीतला. बर्नी क्विनलनने १९८३ मध्ये ११६ आणि पुढच्या मोसमात १०५ गोल मारले. पण लीग आता देशभर पसरायला निघाली होती. साउथ मेलबर्नचा क्लब १९८२ मध्ये सिडनीला हलवला गेला, १९८७ मध्ये ब्रिस्बेन आणि पर्थचे नवे संघ आले. मेलबर्नच्या छोट्या क्लबांना विलीनीकरणाचे सल्ले मिळू लागले. १९८९ मध्ये फुटस्क्रे आणि फिट्झरॉय एक होणार, असं जाहीरही झालं. फुटस्क्रेचे लोक रस्त्यावर उतरले, घरोघरी फिरून काही आठवड्यांत दहा लाखांहून अधिक डॉलर जमवले आणि आपला क्लब वाचवला. फुटस्क्रेकडे स्वतःचं मैदान होतं आणि त्याभोवती वस्तीही. फिट्झरॉयला दारं ठोठावायला ती वस्तीच उरली नव्हती.

शेवटचा घाव घालणारा धनको नाउरूचा होता. प्रशांत महासागरातलं, फॉस्फेटवर श्रीमंत झालेलं हे इवलंसं बेट या खेळासाठी वेडं आहे. त्याच्या सरकारी विमा महामंडळाने फिट्झरॉयला १२.५ लाख डॉलर कर्ज दिलं होतं. जून १९९६ मध्ये त्यांनी वसुलीसाठी क्लबवर प्रशासक बसवला. नॉर्थ मेलबर्नशी विलीनीकरण ठरत आलं होतं, पण दोन संघांतले निवडक खेळाडू एकत्र आले तर आपली डाळ शिजणार नाही, अशी धास्ती इतर क्लबांनी घेतली. त्यांनी कौल ब्रिस्बेन बेअर्सच्या बाजूने दिला. फिट्झरॉयचे आठ खेळाडू तिकडे गेले. मेलबर्नमधला अखेरचा सामना २५ ऑगस्टला रिचमंडविरुद्ध, १५१ गुणांनी पराभव. १ सप्टेंबरला पर्थमध्ये फ्रीमँटलकडून ८६ गुणांनी हार, आणि लीगमधला शंभर वर्षांचा हिशेब मिटला.

विलीनीकरणातून निघालेल्या नव्या ब्रिस्बेन लायन्सने फिट्झरॉयच्या बोधचिन्हातला सिंह घेतला, ‘मार्सेयेझ’ या फ्रेंच राष्ट्रगीताच्या चालीवरचं त्यांचं क्लबगीत घेतलं आणि २००१ ते २००३ असं सलग तीनदा विजेतेपद पटकावलं. २०२४ आणि २०२५ मध्ये पुन्हा. फिट्झरॉयचे कितीतरी जुने चाहते त्यांच्यामागे उभे राहिले, कितीतरींनी लीगकडे कायमची पाठ फिरवली. दोघांचंही मला पटतं. मध्यंतरी ब्रिस्बेनने जर्सीवरचा जुना सिंह बदलला, तेव्हा प्रकरण कोर्टापर्यंत गेलं होतं. काही वर्षांनी जुना सिंह जर्सीवर परतला.

पण वारसा कुणाकडे आहे, असं विचारलं तर मी ब्रन्सविक स्ट्रीटकडे बोट दाखवेन. फिट्झरॉय फुटबॉल क्लब ही संस्था कायद्याने कधी बंद झालीच नाही. प्रशासक गेल्यावर ती पुन्हा उभी राहिली आणि २००९ पासून व्हिक्टोरियाच्या हौशी लीगमध्ये, एडिनबरा गार्डन्समधल्या त्याच मैदानावर उतरते. पुरुषांचे संघ आहेत, महिलांचेही आहेत. हौशी लीग असल्यामुळे खेळण्याचे पैसे कुणालाच मिळत नाहीत.