रीस्टार्टनंतर फोन सायलेंटच राहतो? आपोआप होणाऱ्या कामांचा क्रम असा लावा

मुंबई उपनगर : गावाकडून अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला नोकरीसाठी गेलेली बरीच पोरं रात्रपाळी करतात. दिवसा झोपमोड होऊ नये म्हणून काही जण फोन ठरलेल्या वेळी आपोआप सायलेंट होईल आणि संध्याकाळी पुन्हा वाजायला लागेल, अशी सोय करून ठेवतात. मॅक्रोड्रॉइड, टास्कर अशा ॲपमधून हे जमतं. पण फोन बंद होऊन चालू झाला की ही घडी विस्कटू शकते.

समजा, अंधेरी एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या मुलाचा फोन सकाळी ९ ला सायलेंट होतो आणि संध्याकाळी ५ ला रिंग सुरू होते. एक दिवस दुपारी बॅटरी संपून फोन बंद पडला, तो ६ ला चालू केला. ५ वाजताचं काम हुकलेलं असतं, म्हणून फोन सायलेंटच राहतो. रात्री वडिलांना दवाखान्यात न्यायचंय म्हणून गावाहून फोनवर फोन येतात आणि एकही वाजत नाही.

फोन चालू होताना काय होतं?

आधी अँड्रॉइड स्वतः चालू होतं. मग ‘फोन सुरू झाला’ असा निरोप ॲपना जातो आणि ती मागोमाग उठतात. कुठलं ॲप आधी उठेल, हे आपल्या हातात नसतं.

दुसरी गोष्ट लॉकची. २०१६ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ७ पासून बहुतेक फोनमध्ये रीस्टार्टनंतर एकदा पिन किंवा पॅटर्न टाकेपर्यंत बरीचशी ॲप सुरूच होत नाहीत. कॉल येतात, घड्याळाचा गजर वाजतो, बाकीची कामं मात्र थांबून राहतात. रात्री अपडेट होऊन फोन आपोआप रीस्टार्ट झाला, तरी हेच होऊ शकतं.

दोन कामं एकदम लावू नका

काही जण फोन सुरू होताच ‘सायलेंट कर’ आणि ‘रिंग चालू कर’ अशी दोन वेगळी कामं लावतात. मग जे शेवटी चालेल तेच खरं. आज एक, उद्या दुसरं. त्यापेक्षा सुरुवातीचं काम एकच ठेवावं आणि बाकी सगळं त्याच्या आत ओळीने लावावं. एका कामातल्या पायऱ्या वरून खाली क्रमाने चालतात.

मॅक्रोड्रॉइडमध्ये ते असं करता येतं (आवृत्तीप्रमाणे नावं थोडी बदलतात) :

१. नवीन मॅक्रो घेऊन ट्रिगरमध्ये ‘डिव्हाइस बूट’ निवडा.
२. पहिली ॲक्शन थांबण्याची, म्हणजे ‘वेट’ ठेवा. एक मिनिट पुरे. तेवढ्यात नेटवर्क आणि बाकीची ॲप जागेवर येतात.
३. मग ‘इफ’ची अट घाला : वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधली असेल तर सायलेंट, नाहीतर रिंग चालू.

अशाने हुकलेल्या कामाची भरपाई होते. फोन कितीही वाजता चालू झाला तरी तो आधी घड्याळ बघतो आणि मग ठरवतो. सायलेंट करण्यासाठी ॲप ‘डू नॉट डिस्टर्ब’ची परवानगी मागतं, ती द्यावी लागते.

तरीही चालत नसेल तर

शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी अशा फोनमध्ये ॲपला ‘ऑटोस्टार्ट’ किंवा ‘ऑटो लाँच’ची वेगळी परवानगी लागते. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करावी. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या ॲपवरचं बंधनही काढावं. ॲप ‘फोर्स स्टॉप’ केलेलं असेल तर हाताने उघडेपर्यंत ते उठत नाही.

अशी ॲप बऱ्याच परवानग्या मागतात. म्हणून ती प्ले स्टोअरवरूनच घ्यावीत. व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलमधून घेऊ नयेत.

सगळं लावून झालं की सुट्टीच्या दिवशी फोन मुद्दाम रीस्टार्ट करावा, लॉक उघडावा, दोन मिनिटं थांबावं आणि घरच्यांना कॉल करायला सांगावं. एकदा दुपारी, एकदा संध्याकाळी. दुपारी शांत राहिला आणि संध्याकाळी वाजला, तर काम बरोबर बसलं. आणि रीस्टार्टनंतर एकदा लॉक उघडायची सवय मात्र कायम ठेवावी.