औषध तेच, पण अंग वेगळं!

जाऊबाईंचं डोकं ज्या गोळीनं थांबलं, ती गोळी आपणही घेऊन बघायची. शेजारणीच्या मुलाचं पातळ औषध बाटलीत उरलं, तर ते आपल्या मुलाला दोन चमचे पाजायचं. हे आपल्याकडे घरोघर चालतं. बारामतीच्या पेठेत चालतं, इंदापूरच्या जुन्या वाड्यात चालतं, वालचंदनगरच्या कॉलनीतही चालतं. त्यामागे आपुलकीच असते, नाही असं नाही. पण मैत्रिणींनो, एकीला गुण देणारं औषध दुसरीला काहीच करत नाही आणि तिसरीला चक्क बाधतं, असं का होतं? "ज्याची त्याची प्रकृती" असं आपल्या आजीबाई म्हणत. आजचं वैद्यकशास्त्र म्हणतं, आजीबाईंचं बरोबर होतं. फक्त ही 'प्रकृती' कशात लपलेली असते, ते आता बऱ्याच अंशी सापडलं आहे.

माती तपासून खत

निरेच्या कालव्यावरच्या शेतकऱ्याच्या घरात हे समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. एकाच कंपनीचं खत, एकाच मापानं, दोन शेतांत टाकलं. काळ्या कसदार रानात ऊस तरारला आणि शेजारच्या चोपण रानात पिवळा पडला. दोष खताचा नाही, माती वेगळी. म्हणून शहाणा शेतकरी आधी माती तपासून घेतो.

माणसाच्या शरीराची 'माती' म्हणजे जनुकं. आईकडून निम्मी आणि वडिलांकडून निम्मी अशी ती आपल्याला मिळतात. २००३ साली जगभरच्या शास्त्रज्ञांनी मानवी जनुकांचा आराखडा पूर्ण केला, तेव्हा कळलं की आपल्यात साधारण वीस हजार जनुकं आहेत. माणसामाणसांत फरक अगदी थोडा. पण त्या थोड्या फरकामुळेच एकीचं यकृत एखादं औषध झटपट पचवून बाहेर टाकतं, तर दुसरीच्या अंगात तेच औषध दिवसदिवस साचून राहतं.

हे आपल्याला अगदीच नवं नाही. रक्त चढवण्याआधी गट जुळवतात, तो याच विचारातून. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक दुर्मिळ रक्तगट शोधून काढला. तो जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो. सर्वांना चालणारं म्हणून मानलं जाणारं 'ओ' गटाचं रक्तसुद्धा या माणसांना चालत नाही, त्यांना त्यांच्याच गटाचं लागतं. रक्ताचं जे, तेच काही औषधांचंही.

हिवतापाची गोळी आणि डांबराच्या गोळ्या

या शास्त्राची सुरुवात झाली हिवतापाच्या एका औषधापासून. प्रायमाक्विन नावाची गोळी बहुतेकांना सोसते, पण काही थोड्यांच्या अंगातल्या तांबड्या पेशी तिनं भराभर फुटतात. माणूस पांढराफटक पडतो, डोळे पिवळे होतात, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. १९५६ साली शिकागोच्या संशोधकांनी कारण शोधलं. या माणसांच्या तांबड्या पेशींत 'जी-सिक्स-पीडी' नावाचं एक एन्झाइम जन्मतःच कमी असतं. पुढे १९६१ साली मुंबईतल्या संशोधकांनी हा दोष आपल्याकडेही आहे हे दाखवलं. पारशी समाजात तो बराच आढळतो, पण इतर समाजांतही आहेच.

आता यात गृहिणीनं लक्ष घालावं असं काय? आहे! कपाटात, ट्रंकेत आपण डांबराच्या गोळ्या टाकतो. त्यांत नॅप्थलीन असतं. हा दोष असलेल्या तान्ह्या बाळाला त्या वासाच्या दुपट्यात गुंडाळलं, तर त्याच्याही तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ एकदम चढते. नवजात बाळाची कावीळ फार वाढली, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून पहिल्या बाळंतपणाची जपून ठेवलेली झबली-टोपडी, आजीच्या लुगड्याची गोधडी ट्रंकेतून काढाल, तेव्हा आधी ती स्वच्छ धुवा, कडक उन्हात चांगली वाळवा आणि मगच बाळाला वापरा. त्याहून बरं म्हणजे बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या टाकूच नका. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरतो.

बाळ पिवळं दिसलं, दूध ओढेनासं झालं, सुस्त पडून राहू लागलं, तर "कोवळ्या उन्हात धरलं की जाईल" म्हणून दिवस काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हिवतापाची औषधं घेणाऱ्या कुणाचीही लघवी गडद झाली, तर तसंच करा. आणि घरात गोळ्या उरल्या आहेत म्हणून गरोदर बाईला किंवा तान्ह्या मुलाला प्रायमाक्विन कधीही देऊ नये.

यात सुनेचा दोष काय?

इथं एक नाजूक गोष्ट बोललंच पाहिजे. जी-सिक्स-पीडीचा दोष मुलाला येतो तो आईकडून. आईला स्वतःला बहुधा त्रास नसतो, तिला याची कल्पनाही नसते. पण दवाखान्यात "हे आईकडून आलंय" एवढे तीन शब्द कानावर पडले, की घरी आल्यावर काय होतं हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. "आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं," इथून सुरुवात होते आणि सुनेचं माहेर उद्धरून संपते.

सासूबाईंनो, शांतपणानं विचार करा. नातवाला तिच्याकडून हा दोष आला, तसाच तिलाही तो तिच्या आईकडून किंवा वडिलांकडून आला. तिनं तो बाजारातून आणला नाही. थॅलेसीमिया, सिकलसेल या रक्ताच्या आजारांत तर आई आणि वडील दोघांकडूनही दोष यावा लागतो, तेव्हाच मूल आजारी पडतं. तिथं एकट्या सुनेला बोल लावणं म्हणजे शुद्ध अन्याय. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लावायची रीत आहे. दोघांच्या अंगात एकाच आजीआजोबांकडून आलेला दोष असण्याची शक्यता अशा लग्नात वाढते. म्हणून पत्रिका बघता तशी लग्नाआधी रक्ताची तपासणीही करून घ्या. पत्रिका जुळली नाही तर शांत करता येते, जनुकांना शांत करता येत नाही.

भूल, भाजी आणि फेफऱ्याची गोळी

शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी एक इंजेक्शन देतात. त्याचा असर बहुतेकांत काही मिनिटांत उतरतो. पण ज्यांच्या रक्तात ते औषध पचवणारं एन्झाइम कमी असतं, त्यांचे स्नायू तासन्‌तास हलत नाहीत, श्वाससुद्धा यंत्रानं द्यावा लागतो. आंध्र-तेलंगणातल्या आर्य वैश्य समाजात हे जास्त दिसतं. वेळीच कळलं तर माणूस सुखरूप बाहेर येतो. म्हणून सिझेरियन असो की साधं अपेंडिक्स, भूलतज्ज्ञांनी "घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का?" असं विचारलं, की "नाही" म्हणून मोकळ्या होऊ नका. मावशीला शुद्धीवर यायला फार वेळ लागला होता, काकांना यंत्रावर ठेवलं होतं, जे असेल ते सांगा.

लहानपणच्या सांधेतापानं हृदयाची झडप बिघडून ती बदलावी लागलेल्या कितीतरी बायका आपल्या आसपास आहेत. रक्त पातळ राहावं म्हणून त्यांना वॉरफरिन घ्यावं लागतं. या औषधाची मात्रा माणसागणिक फार बदलते. एकीला पुरते त्याच्या दुप्पट-तिप्पट दुसरीला लागू शकते, आणि त्याचं एक मोठं कारण जनुकांत आहे. म्हणून ठरलेल्या दिवशी रक्त तपासणं चुकवू नये. शिवाय मेथी, पालक अशा पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व या औषधाच्या विरुद्ध काम करतं. भाजी बंद करायची नाही, पण एक आठवडा रोज पालक आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असं करू नका. प्रमाण सारखं ठेवा. दिवस राहायचा विचार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. हे औषध पोटातल्या गर्भाला बाधू शकतं.

फेफऱ्यावर दिली जाणारी कार्बामाझेपीन ही गोळी तशी चांगली. पण काही विशिष्ट जनुक असलेल्यांना तिच्यानं अंगावर फोड येतात, तोंड सोलवटतं, जिवावर बेततं. हे बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत होतं. नवी गोळी सुरू केल्यावर ताप, चट्टे किंवा तोंडात फोड दिसले, की "उष्णता झाली असेल" म्हणून सब्जा खात बसू नका, तडक दवाखाना गाठा. अंगावर पाजणाऱ्या आयांनी कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेऊ नये. काहींचं शरीर कोडीनचं मॉर्फिन फार झपाट्यानं करतं आणि ते दुधातून बाळाला जातं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ साली याबद्दल कडक इशारा दिला.

आपल्या मुंबईतला शोध

आतापर्यंत धोक्याचं सांगितलं, आता आशेचंही ऐका. स्तनाच्या कर्करोगात आता गाठीचा तुकडा तपासून 'हर-टू' नावाचं जनुक वाजवीपेक्षा जास्त काम करतंय का, ते पाहतात. करत असेल, तर त्यावर नेमकं चालणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध देता येतं. १९९८ साली ते अमेरिकेत आलं. २०१४ पासून भारतीय बनावटीचंही मिळू लागलं आणि किंमत उतरली. ज्या बाईच्या गाठीत हा प्रकार नाही, तिला त्याचा उपयोग नाही. एकाच नावाचा रोग, पण दोन बायांना दोन उपचार.

याच्या पुढचं पाऊल आपल्या महाराष्ट्रात पडलं. रक्ताच्या काही कर्करोगांत रोग्याच्याच रक्तातल्या संरक्षक पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांत नवं जनुक घालून कर्करोग ओळखायला शिकवायचं आणि पुन्हा त्याच्याच अंगात सोडायच्या, असा हा उपचार. मुंबईच्या आय.आय.टी.चे डॉ. राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी तो तयार केला. नाव 'नेक्सकार-१९'. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मुंबईत तो देशाला अर्पण केला. परदेशातल्या खर्चाच्या साधारण एक दशांशात होतो, तरी तो लाखांच्याच घरात. सगळ्यांना लागू पडतो असंही नाही. पण जे परदेशात जाऊनही परवडत नव्हतं, ते आता मुंबईला होतं, हे काय थोडं?

आपल्या लोकांची जनुकं नीट कळावीत म्हणून देशभरातल्या सुमारे दहा हजार माणसांचा अभ्यास झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली. आजवरचं बरंचसं संशोधन युरोपातल्या माणसांवरचं होतं. त्यांच्या मापाचा सदरा आपल्याला ढगळ होणारच!

आज आपल्या हातात काय?

उद्याच जनुकांची तपासणी करून घ्या, असं मुळीच सांगायचं नाही. घरबसल्या थुंकी पाठवा आणि सगळे रोग कळवून घ्या, अशा जाहिरातींना तर भुलूच नका. तपासणी डॉक्टरांनी सुचवली तरच करावी. बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्याला ससून आहे. रक्ताच्या आनुवंशिक दोषांच्या बारीक तपासण्यांसाठी मुंबईला परळच्या के.ई.एम.च्या आवारात आय.सी.एम.आर.ची खास संस्था १९५७ पासून काम करते आहे. कुठं पाठवायचं, ते आपले डॉक्टर सांगतील.

आपलं काम सोपं आहे. किराणा-दुधाचा हिशेब लिहितो, तशी एक वही औषधांची करा. घरातल्या प्रत्येकाला दोन पानं. त्यावर रक्तगट लिहा, चालू असलेली औषधं लिहा. कुठल्या औषधानं पुरळ, सूज किंवा कावीळ झाली, ते नाव आणि साल घालून लिहा. भुलीचा त्रास, बाळपणची कावीळ, रक्त चढवल्याची नोंद, सगळं लिहा. माहेरचंही आईला विचारून लिहून घ्या, कारण निम्मी जनुकं तिकडचीच! गोळ्यांची रिकामी पाकिटं लगेच फेकू नका, नाव उतरवून घ्या. "ती पांढरी बारकी गोळी" म्हटल्यावर डॉक्टरांना काही बोध होत नाही.

आणि ही सगळी माहिती वाचून घाबरून कुणी चालू औषध आपल्या मनानं बंद करू नये. हृदयात स्प्रिंग बसवलेल्या माणसानं रक्त न गोठण्याची गोळी चार दिवस सोडली, तरी जीव धोक्यात येतो. शंका आली तर विचारा. वही घेऊन जा आणि उघडून दाखवा. दवाखान्यात गर्दी असली, डॉक्टर घाईत असले, तरी ती दोन पानं वाचायला त्यांना दोन मिनिटं पुरतात. मुलगी सासरी जायला निघाली, की तिची पानं नव्या वहीत उतरवून तिच्याबरोबर द्या. डब्यांच्या, भांड्यांच्या रुखवतात ती वही कुणाच्या नजरेत भरणार नाही, पण तिच्या पहिल्या बाळंतपणात तिच्या उपयोगी पडेल.