सुट्या भागांचे कथन आणि सलग कथन : ॲनिमेशन मालिकांच्या आधारे

उद्दिष्ट : मालिकेतील कथनाचे दोन प्रकार ओळखणे आणि त्यांमागील कालविचार स्पष्ट करता येणे.

विषय-विवेचन

विद्यार्थिमित्रहो, जळगाव-धुळ्याकडील घरांत मुले ‘छोटा भीम’ पाहत असताना आपणही ती मालिका ओझरती पाहिली असेल. 2008 साली पोगो वाहिनीवर सुरू झालेल्या या मालिकेत ढोलकपूरवर संकट येते, भीम लाडू खाऊन ते निवारतो आणि भाग संपतो. पुढच्या भागात त्या संकटाची सहसा खूणही उरत नाही. भीम मोठा होत नाही. कालिया मागील फजितीतून शिकत नाही. हे सुट्या भागांचे कथन होय.

याउलट ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ (2005–2008) ही अमेरिकी मालिका जल, पृथ्वी आणि अग्नी अशा तीन खंडांत पुढे सरकते. नायक आंग एकेक विद्या शिकतो, चुकतो, बदलतो. भागांचा क्रम मोडला की अर्थही मोडतो. हे सलग कथन होय.

हा भेद क्रियापदांतही दिसतो. पहिल्या मालिकेचा सारांश रीतिभूतकाळात सांगता येतो : संकट येई, भीम धावून जाई, गाव वाचे. दुसरीस साधा भूतकाळ आणि ‘मग’, ‘त्यामुळे’ अशी अव्यये लागतात. पहिलीत काळ फिरून मूळ जागी येतो. दुसरीत तो मागे वळत नाही.

म्हणून सुटे कथन कनिष्ठ ठरते काय? नाही. भारनियमनाने वा शेतीच्या कामाने एखादा भाग हुकला, तरी ते प्रेक्षकाला परके करीत नाही. मात्र त्याला एक मर्यादा आहे. जेथे सर्व काही पूर्ववत होणार असते, तेथे मृत्यू, पश्चात्ताप आणि क्षमा यांना खरे वजन येत नाही. त्यांसाठी कथेला स्मरण असावे लागते.

या दोहोंचा मेळ मराठी वाचकाला परिचित आहे. पूर्वी अमळनेर येथे शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिची विभागणी बेचाळीस रात्रींत आहे. कोणतीही एक रात्र स्वतंत्र कथा म्हणून वाचता येते. परंतु घरावरील कर्ज आणि आईचा आजार रात्रीमागून रात्री वाढत जातो. शेवटच्या रात्री सुट्या वाचणाऱ्याला आईचा मृत्यू कळतो. आधीच्या रात्री वाचलेल्याला तो जाणवतो.

सारांश : सुटे कथन पात्राचा स्वभाव दाखवते, तर सलग कथन त्या स्वभावाचे काय झाले ते सांगते.

स्वयं-अध्ययन प्रश्न : घरी ऐकलेली एखादी अहिराणी लोककथा आठवा. तिच्यातील क्रियापदे व जोडणारे शब्द नोंदवून ती कोणत्या प्रकारात बसते, ते सकारण लिहा.